आबांची बावीस पानं आणि तीन सिस्टीम

७ फेब्रुवारी १९९९, रविवार. अंथुर्णे
कॉम्प्युटर पुन्हा उघडा पडलाय. डॉस होतं, विंडोज होतं, आज नवरोजींनी, म्हणजे संजयनं, बारामतीहून मासिकाबरोबरची लिनक्स या तिसऱ्या सिस्टीमची सीडी आणली. सीडी ड्राइव्ह मित्राचा, मागून आणलेला.
संजय म्हणतो, "हे कधी अडकत नाही."
"मराठी टाइप होतं का त्यात?"
"होईल पुढंमागं."
झालं.

९ फेब्रु.
शाळेतून आल्यावर तासभर आबांच्या आठवणींच्या पुस्तकाचं टायपिंग. सासरे सांगतात, सून बडवते. पान १९. मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे, ते सगळं: मुक्काम, पाणवठे, कुठल्या गावात रानात बसू द्यायचे. आता मेंढरं नाहीत, डाळिंबं आहेत. हे सांगणारं घरात दुसरं कोणी उरलं नाही.
तिन्ही सिस्टीमबद्दल माझं मत: डॉस झटकन सुरू होतं, पण छापल्यावर अक्षरं मुंगळ्यांसारखी. विंडोजची अक्षरं देखणी, पण आमच्या जुन्या मशीनला ते झेपत नाही. 'ज्ञ' दाबावा आणि चहा टाकून यावं. लिनक्समध्ये काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी पळतात आणि सं. एकटाच खूश.

१४ फेब्रु., रवि.
गेलं. बावीसच्या बावीस पानं.
सं. डिस्कचे भाग पाडत होता. मी भाकरी थापत होते. त्यानं विचारलं, "दुसरा भाग रिकामाच आहे ना?" मी "कुठला दुसरा?" म्हणेपर्यंत यानं 'हो' दाबलं होतं.
फ्लॉपीवर उतरवून घेतो म्हणून तीन आठवडे म्हणत होता. मीही घेतलं नाही. हे लिहावंसं वाटत नाही, पण खरं आहे.

१६ फेब्रु.
बोलणं बंद. सं.नं डॉस, विंडोज पुन्हा घातलं. "सगळं पहिल्यासारखं झालं बघ," म्हणाला. सगळं.

१७ फेब्रु.
आबांना सांगितलं. दोन दिवस टाळत होते.
"कुणी पुसलं?"
"संजयनं मशीनमध्ये दुसरी सिस्टीम घातली, त्यात गेलं."
"मशीन बदललं व्हय?"
"नाही आबा. मशीन तेच, चालवायची पद्धत दुसरी."
"बरं, म्या तर हाय का न्हाय. पुन्यांदा सांगतो."
त्यांनी एवढं सहज घेतल्यावर मला जास्तच लागलं.

२१ फेब्रु., रवि.
डॉसमध्येच टाइप करायचं ठरवलं. असू देत मुंगळे. घाटापर्यंत आलो.
मागच्या वेळी इथं एकच ओळ होती: धाकटा भाऊ नामा घाटात तापानं वारला, माझ्या मांडीवर.
आज आबा म्हणाले, "नामाला ताप हुता. भोरच्या म्होरं एका म्हातारीच्या वसरीला त्याला ठिवला. मेंढरास्नी चारा न्हवता, थांबायचं कसं? म्हनलं, चार दिसांनी येतो. आलो ते अकराव्या दिशी. म्हातारीनं मातीबी दिली हुती."
माझे हात थांबले.
"लिव्हलंस?"
"हो आबा."
"आज बास."
फ्लॉपीवर दोनदा उतरवलं. मग तिसऱ्या फ्लॉपीवर.

२२ फेब्रु.
सं.नं वाचलं. "आम्हाला कधी सांगितलं नाही," एवढंच. आजपासून आम्ही दोघं बोलतोय, पण कॉम्प्युटरबद्दल नाही.

२५ फेब्रु.
पाडव्याला कोऱ्हाळ्याच्या आत्या येणार. आबांची आणि नामाकाकांची ती सख्खी बहीण. निरोप आलाय, छापलेलं पुस्तक मलाही ठेवा. मांडीवर वारला, हेच ती चाळीस वर्षं सांगत आलीय.
सं. म्हणतो, तेवढी ओळ पहिल्यासारखी कर. मी म्हटलं, तुझ्या वडलांना विचार. त्यानं विचारलं नाही. शेवटी मीच.
"आबा, नामाकाकांचं आत्ता सांगितलं तसंच ठेवू?"
खाटेवर बसून त्यांनी पाय चोळले. पडद्याकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नाही.
"कुठवर आलंय?"
"घाटातच."
"मग आदी घाट उतरू दे. म्होरचं घे."
घेतलं. संध्याकाळपर्यंत कोकणातले पाणवठे. नामाकाकांचं तूर्त आहे तसंच.