पैलवानाच्या प्रोग्रॅममधल्या चुका

आप्पा, तुमचा तो हुपरीचा पैलवान मला कधीच आवडला नाही, आणि हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पैलवान हे नावही तुम्हीच ठेवलेलं. अंगानं काडी, शर्ट खांद्यावरून घसरतोय, आणि तुम्ही त्याला चारचौघांत हाक मारणार, "या पैलवान." त्याच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम, आजोबापासून सगळे भट्टीपुढे बसलेले, आणि हा एकटा इंजिनिअरिंगला तुमच्या हाताखाली आलेला. सकाळच्या एसटीनं यायचा, वर्ग सुटले की तुमच्याबरोबर कॉम्प्युटरच्या खोलीत बसायचा, आणि तिथून तुमच्याच स्कूटरवर मागं बसून आमच्याकडे जेवायला. आईला काकू म्हणायचा, मला ताई. माझ्याहून जेमतेम वर्षभरानं लहान असेल, पण ताई म्हटलं की घरात हक्कानं पाट मिळतो हे त्याला बरोबर कळलं होतं.

स्वयंपाकघर आजही डोळ्यांपुढे आहे. आई चुलीपाशी भाकरी थापतेय, मी वाढतेय, आणि तुम्ही दोघं भिंतीला टेकून शेजारी शेजारी. तुम्ही तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून फरशीवर चौकोन काढताय, एका चौकोनातून दुसऱ्यात बाण नेताय, आणि तो घास हातात तसाच धरून बघतोय. जेवणं झाली की ते चौकोन पुसायचं काम माझं. दहावीनंतर मी शास्त्राला जाते म्हणाले, तेव्हा तुम्ही पेपरमधून डोकंही वर काढलं नव्हतं. "तुला गणित झेपायचं न्हाय पोरी, गुमान बी.ए. कर." मी केलं. पण त्याला एखादी गोष्ट समजेना झाली तर तुम्ही पाच-पाच वेळा समजावता हे मी तिथंच उभं राहून बघत होते, आणि माझ्या पोटात दुखत होतं. मला कुणी एकदाही समजावून बघितलं नव्हतं. तुमचा तो कातडी पाकिटातला, आकडेमोड करायचा स्लाइड रूल, ज्याला मी लहानपणी हात लावला तर तुम्ही हातावर चापट मारायचा, तो एक दिवस त्याच्या खिशात दिसला. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "दिला असंल की. तू काय करणार हायस त्याचं?" मला त्याचं काहीच करायचं नव्हतं. मला तो हवा होता, एवढंच.

मग ते बंगळूरचं काम आलं. तुमचे जुने मित्र तिथल्या एका कंपनीत नवीन कॉम्प्युटर तयार करत होते आणि त्यांना त्यावर चालणारा एक प्रोग्रॅम हवा होता. त्यात एका बाजूनं मजकूर सोडायचा, ओळीमागून ओळ, आणि आधी सांगून ठेवायचं की हा शब्द आला की तो कर, अशी ओळ आली की गाळून टाक. दुसऱ्या बाजूनं बदललेला मजकूर पडद्यावर येणार, आणि मूळचा आपल्या जागी तसाच राहणार. परदेशात असा प्रोग्रॅम होता, त्याचं माहितीपुस्तक तुमच्याकडे होतं, आणि त्या पुस्तकाबरहुकूम आपला वागला पाहिजे अशी अट. तो पैलवानानं लिहायचा. जमलं तर त्याला तिथं नोकरी, तुमच्या शब्दावर. त्या वेळी कोल्हापुरात असं काम कुणाच्या स्वप्नात नव्हतं, आणि तुम्ही गल्लीत सांगत सुटला होता, स्वतःच्या पोराचं लग्न ठरल्यासारखं.

आणि एके रविवारी सकाळी तुम्ही मला म्हणालात, "चल, साडी नेस. तुला एक काम हाय." माझं एम.ए. चाललेलं, कॉम्प्युटर मी लांबूनसुद्धा बघितला नव्हता. दाराबाहेर चपला काढल्या, आत थंडगार. ती थंडी माणसांसाठी नाही, मशिनसाठी, हे तुम्ही सांगितलंत आणि पुढच्या वेळी शाल आण म्हणालात. म्हणजे पुढची वेळ होती. त्या एका शब्दावर मी आठवडा काढला. तो आधीच येऊन बसलेला. तुम्ही मला खुर्ची दिलीत आणि त्याला म्हणालात, "ज्यानं लिवलंय त्याला ते मोडू वाटत न्हाय. मोडायला दुसरं माणूस लागतंय. ही मोडंल." तो हसला, मी हसले नाही.

तुमची पद्धत मला अजून हाताशी आहे. बटणाला हात लावायच्या आधी, काय यायला पाहिजे ते कागदावर हातानं लिहायचं, आणि मगच प्रोग्रॅम चालवायचा. कारण मशिननं एकदा काही दाखवलं की डोळा म्हणतो, असंच असणार. तुम्ही मला पुस्तकातला एकेक नियम मराठीत सांगायचा, मी छापील कागदांच्या पाठकोऱ्या बाजूला उत्तर लिहायची, मग तो चालवायचा आणि मी ताडून बघायची. आप्पा, माझं गणित कच्चं असेल, पण त्याचं चुकतंय का हे बघायला माझ्याइतकं उतावीळ माणूस तुम्हाला पूर्ण जिल्ह्यात मिळालं नसतं. रिकामी फाईल दिली, तो अडकला. ज्या ओळीच्या शेवटी एंटर दाबलेलं नाही अशी ओळ दिली, ती त्यानं गिळून टाकली. प्रत्येक चुकीला मला भाकरीचा पहिला घास मिळाल्यासारखं वाटायचं. तुम्ही मला म्हणायचा, "बरं." आणि मग त्याच्याकडे वळून, "पण चूक बी कशी केलीय बघ गड्यानं, विचार बरोबर हाय त्याचा." त्याच्या चुकासुद्धा तुम्हाला देखण्या दिसायच्या. माझ्या बरोबर उत्तराला एक शब्द, आणि त्याच्या चुकीला कौतुक.

ते कागलकर तुम्हाला आठवत असेल. मी लग्नपत्रिकेची यादी इंग्रजी अक्षरांत टाकली होती, नाव आणि गाव, आणि म्हटलं गावाचं आडनाव करून बघू. आपल्याकडे माणूस तसंच करतो. जिथं जिथं कागल आहे तिथं तिथं कागलकर कर, असं सांगितलं. कागदावर मी सरळ लिहून ठेवलं होतं, कागलकर. त्यानं बटण दाबलं आणि मशिन गप्प. बराच वेळ पडदा काळा, मग एकदम कागलकरकरकरकर, ओळ संपेचना, पडदा भरला तरी कर कर चालूच. त्याचा प्रोग्रॅम कागलचं कागलकर करायचा, परत पहिल्यापासून बघायचा, कागलकरमध्ये त्याला पुन्हा कागल दिसायचं, आणि तो पुन्हा कर जोडायचा. त्याचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "पण असं कोण करतंय ताई?" मी म्हणाले, "आख्खं कोल्हापूर करतंय." तुम्ही चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. "पैलवान, कागलकराला पतवंडं झाली रं." आयुष्यात तुम्हाला माझ्यामुळं इतकं हसलेलं मी पहिल्यांदा बघत होते. ते सुख चहा येईपर्यंत टिकलं. चहा येईपर्यंत त्यानं ती चूक दुरुस्त केली होती, बदललेल्या भागाच्या पुढून बघायचं असं काहीतरी, आणि तुम्ही कप हातात धरून उभे, "काय डोकं हाय बघ, काय डोकं हाय."

त्याच आठवड्यात मी परड्यात कपडे वाळत घालत होते आणि तुम्ही आत आईशी बोलत होता. आई म्हणाली, पोरीला कशाला त्या पोराशेजारी बसवताय, लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, "अगं, तिला त्याचा राग हाय, म्हणून तर बसवलीय. माया करणारं माणूस चूक सोडून देतंय. ही सोडायची न्हाय." माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. अंगाचा तिळपापड झाला म्हणतात, तसं झालं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी जळत होते आणि तुम्ही त्या आगीवर तुमचं काम शेकून घेत होता. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे. माझ्यापुढं तुम्ही त्याची एवढी तारीफ करायचा, ती खरी होती, की माझी धग कमी होऊ नये म्हणून? खरी असेल तर मी रडायला पाहिजे, आणि नसेल तर तुमच्या लेखी मी कोण होते हे विचारायला पाहिजे. मी दोन्ही केलं नाही. पुढच्या रविवारी शाल घेतली आणि स्कूटरवर बसले.

शेवटी असा दिवस आला की काही सापडेना. मी वाकडं लिहून बघितलं, उलटं लिहून बघितलं, नुसत्या रिकाम्या ओळी दिल्या, एकच अक्षर दिलं, मैलभर लांब ओळ दिली. माझा कागद आणि त्याचा पडदा, अक्षराला अक्षर जुळत होतं. तो खिडकीपाशी उभा राहून नखं खात होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, त्याच्याकडे नाही. "सापडतंय का काय?" मी म्हटलं, "न्हाय." "परत एकदा बघ. तू म्हणालीस तरच पाठवतो." आप्पा, एवढं वजन माझ्या शब्दाला तुम्ही त्याआधी दिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आणखी थोडं बघायचंय म्हणाले असते तर त्याचं जाणं लांबलं असतं, आणि मला तर मनातून तो लवकर जायला हवा होता. मी म्हणाले, "बरोबर आहे." तुम्ही मान डोलावलीत आणि जाऊन त्याला मिठी मारलीत.

स्टँडवर तुम्ही त्याला सोडायला गेलात. परत आल्यावर जेवला नाहीत. घर परत माझं झालं, तुमच्या शेजारचा पाट रिकामा झाला, आणि मी त्यावर बसूनही बघितलं. तुम्ही पाण्यानं चौकोन काढणं बंद केलंत. रविवार आला तशी मी साडी नेसून, शाल हातावर घेऊन दारात उभी राहिले. तुम्ही दाढी करत होता. आरशातूनच म्हणालात, "आता काय काम हाय तिथं?" आई स्वयंपाकघरातून बघत होती. मी आत जाऊन साडी बदलली. तो निघून गेला की जागा माझी होईल असं मला वाटलं होतं. ती जागा त्याच्यासाठीच होती, मला फक्त तिथं थोडे दिवस बसवलं होतं, हे आरशातल्या तुमच्या साबण लावलेल्या तोंडानं मला सांगितलं.

पुढं मी इथंच बँकेत लागले. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा सगळे घाबरले, मी नाही. कोणताही नवा प्रोग्रॅम आला की साहेब म्हणायचे, आधी बाईंना मोडू द्या. मी पाठकोऱ्या कागदावर आधी उत्तर लिहायची आणि मग बटण दाबायची. तुम्ही हे बघितलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो विमानानं आला, पायरीवर बसून धाय मोकलून रडला, आणि भेटायला येणारे त्याचं सांत्वन करत होते. मी चहाचे कप उचलत होते.

दर वर्षी तुमच्या तिथीला त्याचा फोन येतो. अजून ताईच म्हणतो, आता केस पांढरे झाले तरी. कालच्या फोनवर बोलता बोलता म्हणाला, "ताई, एक सांगू का? आता सांगायला हरकत न्हाय. बंगळूरला गेल्या गेल्या त्या प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडली हुती मला." कसली, म्हटलं. शेवटची ओळ गाळ असं सांगितलं आणि दोन फायली एकामागोमाग दिल्या, तर दोन्ही मिळून जी शेवटची तीच जायला हवी. त्याचा प्रोग्रॅम पहिल्या फाईलचीही शेवटची ओळ खात होता. मी नेहमी एकच यादी देत आले. आणि मुलाकडची एक, मुलीकडची एक, दोन याद्या तर प्रत्येक लग्नात असतात. मी विचारलं, आप्पांना सांगितलं होतंस? "छ्या. गुपचूप दुरुस्त केली. सरांचा तुमच्यावर लई भरोसा हुता. तुम्ही बघितलंय म्हणून सगळ्यास्नी सांगायचे."

तुम्ही सगळ्यांना सांगायचा, आणि मला नाही. फोन ठेवला. पहिलं मनात आलं ते हे की बरं झालं, तुम्हाला न कळताच तुम्ही गेलात. दुसरं हे की ती चूक मला तेव्हाच सापडली असती तर त्या थंडगार खोलीत आणखी काही रविवार मिळाले असते. आणि तिसरं खरं. चूक माझ्या हातून सुटली हे मी हळूहळू पचवेन, पण ती त्याला सापडावी आणि त्यानं ती एवढी वर्षं माझ्यासाठी झाकून ठेवावी, हे मला अजून सहन होत नाही. हा कागद मी कुठं पाठवणार नाही. पाठवता आला असता तरी पाठवला नसता, कारण वाचून झाल्यावर तुम्ही आधी त्याचंच कौतुक केलं असतं.