ड्रेसिंगच्या खोलीतील व्हिडिओ गेमविरुद्धची तक्रार

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
संगमकाठ धर्मादाय रुग्णालय,
मलकापूर, ता. कराड, जि. सातारा.

अर्जदार : हरिबा ज्ञानू मोहिते, निवृत्त सुभेदार, रा. कडेगाव, जि. सांगली.

विषय : व्हिडिओ गेम ड्रेसिंगच्या खोलीत परत मिळण्याबाबत व माझीच तक्रार रद्द होण्याबाबत.

संदर्भ : १) माझी तक्रार, दि. १३-२-१९९६. २) आपला हुकूम, दि. १४-२-१९९६.

महोदय,

१. माझी नात शिवांजली, इयत्ता तिसरी, हिच्या पायावर गुऱ्हाळात उकळती काकवी सांडली, म्हणून ती आपल्या वॉर्डात आहे. दिवसाआड ड्रेसिंग असते. दि. १३ रोजी मी प्रथमच काचेतून पाहिले, तर पोरीच्या हातात विटा रचायचा व्हिडिओ गेम आणि ड्रेसर कृष्णात पट्टी सोडवता सोडवता तिला "डावीकडं घे, डावीकडं" म्हणून सांगतोय. अठ्ठावीस वर्षे पलटणीत काढलेल्या माणसाचे डोके फिरले. कामाच्या वेळी खेळ! व्हरांड्यातच बसून मी तक्रार खरडली. पोरगी रडत नव्हती, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

२. आपण तत्परता दाखवलीत. कृष्णातने स्वतः आणलेला तो गेम दुसऱ्याच दिवशी कपाटात कुलूपबंद झाला, त्याला ताकीद मिळाली आणि मला आभाराचे पत्र आले. ते मी गावात चौघांना वाचून दाखवले, याची आज लाज वाटते.

३. त्यानंतर आजचे धरून सात ड्रेसिंग झाली. पहिल्या दिवशी कृष्णात एवढेच म्हणाला, "आवं सुभेदार, खेळात ध्यान आसलं की पोरीला कमी दुखतं. आता खांदं घट्ट धरा." मी धरतो. ती ओरडते, "आबा, लय दुखतंय, सोडा की वं!" मी सोडत नाही.

४. आपले कार्यालय म्हणते, निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. नवी करा आणि कोणाविरुद्ध ते लिहा. सबब ही तक्रार मी माझ्याविरुद्ध करीत आहे. गुन्हा कबूल आहे, चौकशीत दिवस घालवू नयेत. पुढचे ड्रेसिंग गुरुवारी, दि. २९ रोजी आहे. त्याआधी कपाट उघडावे व कृष्णातची ताकीद रद्द करावी.

५. आणखी एक. शिवांजलीला वाटते, गेम कृष्णातनेच लपवला. ती त्याच्याशी बोलत नाही, माझा हात मात्र सोडत नाही. वॉर्डाच्या फलकावरील हुकमात "एका पालकाच्या तक्रारीवरून" असे आहे. तेथे माझे पूर्ण नाव घालावे. तिला वाचता येते. मला तोंडाने सांगवत नाही.

आपला नम्र व अपराधी,
(सही)
हरिबा ज्ञानू मोहिते
मलकापूर, दि. २७-२-१९९६

सोबत : मूळ तक्रारीची नक्कल, एक प्रत.