लॉनमधलं जनावर

४ तारीख, सकाळी
बायको आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी. जाताना बजावून गेली: लॉनला फक्त पाणी घालायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. दोन वर्षं खपून वाढवलंय तिने, कबूल. पण नवऱ्यावर एवढाही विश्वास नसावा?
पाणी घालताना मातीतून किडा वर आला. तपकिरी, बोटाएवढा, पुढचे पाय फावड्यासारखे, पोट लिबलिबीत. शी! झारी टाकून आत आलो. घाबरून नव्हे, चष्मा आणायला.

५ तारीख
ऑडिटमध्ये आयुष्य गेलं. भल्याभल्यांना खणून काढलं, हा किडा काय चीज आहे! शास्त्रीय पद्धतीने ओळख पटवणार. मोबाइलवर किड्यांचे फोटो पाहिले. जेवण गेलं नाही.

६ तारीख
फोटो हवाच. एक खड्डा खणला. नाही. शेजारी दुसरा. निघाला! चिमट्यात धरला तर वळवळून निसटला. अजून शिसारी येतेय. फोटोत फक्त माझी चप्पल आली.
बायकोचा फोन. लॉन कसंय, विचारत होती. म्हटलं, मोकळा श्वास घेतंय.

८ तारीख
झोप नाही. अंगावर काहीतरी चालल्यासारखं वाटतं. गादी, उशी, बनियन, सगळं झटकलं. हिरवळ वाचवायची तर थोडी उकरावीच लागते. सकाळपासून खणतोय. बायको आली की थक्क होईल.

९ तारीख
सापडला! फोटो मेहुण्याला पाठवला. त्याचा मित्र कीटकशास्त्राचा प्राध्यापक आहे. पुरावा भक्कम हवा, म्हणून सगळ्या लॉनचेही फोटो जोडले.

१० तारीख, दुपारी
उत्तर आलं. मेहुण्याने आगाऊपणे फॅमिली ग्रुपवर टाकलं. प्राध्यापक म्हणतात, किडा रातकिड्यांच्या गोतावळ्यातला. एकटादुकटा असेल तर लॉनचं काही बिघडत नाही. मात्र हे खड्डे त्याचे नव्हेत. एखादं मोठं जनावर दिसतंय, आधी त्याचा बंदोबस्त करा.
ग्रुपवर तर्कांना ऊत. सासूबाईंनी एका डोळ्याने फोटो पाहून रानडुक्कर म्हटलं. मी घूस सुचवली.
मग बायकोने लिहिलं, जनावर ओळखीचं आहे. उद्याच निघते.

संध्याकाळी
लॉन पिवळं पडलंय. चार तारखेपासून पाणी घालायचं राहिलंच. झारी सापडत नाहीये. कुठल्यातरी खड्ड्यात पुरली गेली असावी.