वाचून दाखवलेला कागद

बाई, मला ओळखलंत का? कशाला ओळखाल! चष्मा कपाळावर ठेवून अख्ख्या मेकअप रूमची झडती घ्यायला लावणाऱ्या तुम्ही. मेल्यावर तरी डोकं ठिकाणावर आलंय का? मी ती अक्षरशत्रू, जिला तुम्ही संवाद बोलून बोलून शिकवायचात. दोनदा ऐकलं की माझं पाठ. "पोरी, तुझा कान म्हणजे सरकारी शिक्का, उठला की पुसायचा नाही," म्हणायचात. आता मी विलायतेत, रीडिंग गावी मुलाकडे असते. अक्षर अजून आलं नाही, म्हणून सून लिहून घेतेय. शनिवार आहे, तिचं ब्रॅकनेलचं ऑफिस बंद, तावडीत सापडलीय.

परवा नात शाळेतून आली. त्यांना हिस्ट्रीत अमेरिकेतले सिनेमावाले शिकवतायत. तिथलं सरकार नटनट्यांना बोलावून विचारायचं, तुमच्यात कम्युनिस्ट कोण कोण? ज्यांची नावं निघाली त्यांना मग कुणी काम देईना. नात म्हणते, "आजी, तू फिल्ममध्ये होतीस ना? तुझा स्टुडिओमध्ये असा झाला होता?" मी तिला माझी नेहमीची गोष्ट सांगितली. घरात सगळे हसतात त्या गोष्टीला.

स्टुडिओच्या मॅनेजरनं मला बोलावलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची. सुट्टीच्या दिवशी तुम्ही गिरणीच्या गेटवर कामगारांपुढे नाटकं करता, हे सगळ्या स्टुडिओला ठाऊक होतं. त्यानं मला बसायला खुर्ची दिली. ऑफिसात मला खुर्ची! विचारतो कसा, "बाई पार्टीत आहेत का?" मी म्हटलं, "आहेत की साहेब! त्या नसल्या तर पार्टी चालेल कशी?" मला माहीत नाटक पार्टी, फार तर बॅण्ड पार्टी. वाटलं, तुमचं कौतुकच करतेय. त्यानं कागद पुढे केला, मी अडाणी, दिला अंगठा. आठवड्याभरात गुरख्यानं तुम्हाला फाटकावरूनच परत पाठवलं. दुसऱ्या स्टुडिओंतही तेच झालं. चालू सिनेमातलं तुमचं वहिनीचं काम माझ्याकडे आलं, तुमच्या मापाचं पोलकं टाके मारून माझ्या अंगावर बसवलं. तुम्ही शेवटपर्यंत शाळेत शिवण शिकवलंत. एकदा मंडईत दिसलात. मी पदर पुढे ओढला, तरी ओळखलंत. "पाठांतर आहे ना गं अजून?" एवढंच विचारलंत, आणि कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करत बसलात.

नातीनं सगळं ऐकलं आणि माझ्या गळ्यात पडली. "आजी, मग तुझा फॉल्ट नव्हता! तुला वाचताच येत नव्हता!" तिनं ते प्रोजेक्टमध्ये लिहिलंय. सोमवारी वर्गासमोर वाचणार आहे. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

बाई, पार्टीची चूक खरी. पण मॅनेजर हसला आणि म्हणाला, "अगं, तसली नव्हे, लाल बावट्याची." नीट समजावून सांगितलं त्यानं. मग कागद वाचून दाखवला. दोनदा. 'सदर बाई कम्युनिस्ट असून कंपनीतल्या मुलींना पक्षाच्या सभांना नेतात.' तुम्ही मला एकदाही नेलं नव्हतंत, मीच मागे लागायचे आणि तुम्ही "आधी काम शीक" म्हणून पिटाळायचात. "वहिनीचं काम तुला शोभेल," तो म्हणाला, आणि मी अंगठा शाईत बुडवला. पन्नासच्या वर वर्षं झाली, त्या वाक्यातला शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

सुनेचं पेन थांबलंय. "आई, हे लिहू?" विचारतेय. लिही म्हटलं, अडाण्याच्या नावावर फार दिवस खपवलं.

हे पोस्टात टाकायचं नाही, तुमचा पत्ता इथल्या कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेलाही सापडायचा नाही. नात खाली टीव्ही बघतेय. जिना उतरून तिला सांगायचं आहे, आणि मी सकाळपासून गुडघ्याचं निमित्त करून वरच बसलेय. गुडघा आज अजिबात दुखत नाही, बाई. माझ्यावर राग असेल तर काही पाठवू नका. नसेल तर तेव्हा डब्यातून द्यायचात तसली थोडी कारळ्याची चटणी पाठवा, लसूण सढळ, मीठ बेतानं. इथले डॉक्टर माझ्या बीपीवर टपून बसलेत.