दाराबाहेर उभ्या असलेल्यांची संमती

मी, खाली सही करणारी निवृत्त डॉक्टर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कुणीही भरीस न घालता लिहीत आहे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी माझी नाडी पाहून डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. तो सोबत जोडते, कारण धाकट्या दिरांना शंका काढायची सवय आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीची. खालची पुढची खोली मात्र तिने रुग्णालयात माणूस ठेवून आलेल्या नातेवाइकांना विनाभाडे द्यावी. का, ते लिहिते.

अतिदक्षता विभागात दुसऱ्याच आजाराने आलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके कधीकधी अचानक अनियमित होतात. आमचे विभागप्रमुख म्हणत, "अहो बाई, ताप उतरला की ठोके ताळ्यावर येतात. त्यात शोधायचं काय?" पण घरी गेल्यावर या माणसांचं काय होतं, हे कुणी पाहतच नव्हतं. ते पाहायला संमती हवी, आणि रुग्ण बेशुद्ध. म्हणून दाराबाहेर उभ्या असलेल्या एका शिंप्याच्या बायकोला मी विचारलं.

"यात आमच्या माणसाचा फायदा काय?"

"खरं सांगते, बहुधा काहीच नाही. पुढच्यांना होईल कदाचित."

तिने दाराच्या काचेतून आत पाहिलं. "घ्या मग. पुढच्याचीही बायको अशीच उभी असेल."

शिंपी बरा झाला, ठोके सरळ झाले, घरी गेला. काही महिन्यांनी मी त्याला बोलावून तपासलं, तर ठोके पुन्हा बिघडलेले, आणि त्याला पत्ताच नाही. अशा ठोक्यांनी हृदयात रक्ताची गुठळी होते; ती मेंदूत जायच्या आत औषध सुरू झालं. मग असे आणखी सापडत गेले, आणि अशा प्रत्येकाला पुन्हा बोलावायची पद्धत आमच्याकडे पडली. शिंपी आजही मशीनवर बसतो. माझं सगळं काम त्या बाईंच्या 'घ्या'वर उभं आहे; म्हणून ही खोली दाराबाहेर उभ्या राहणाऱ्यांना.

२. ठोक्यांचा आलेख काढायचं माझं जुनं यंत्र आणि पुस्तकं माझ्या विद्यार्थिनीला. आमचे हे त्याच विभागात दाखल होते, त्यांचेही ठोके बिघडले, तेव्हा ही पोरगी संमतीचा कागद घेऊन माझ्यासमोर आली.

"मॅडम, तुम्हाला विचारायला जीभ रेटत नाही."

"विचार. सगळ्यांना विचारतेस तसंच."

तिने सगळं पहिल्यापासून समजावलं, जणू मला काही ठाऊकच नाही. त्या वेळी खरंच नव्हतं. हे त्यातून उठले नाहीत. पण तिने मला तेवढा वेळ डॉक्टर न ठेवता बायको होऊ दिलं, हे उपकार यंत्र देऊन फिटणारे नाहीत.

३. विभागप्रमुखांवरचा राग मी कुणालाही वारशाने देत नाही. त्यांनी या संशोधनासाठीचे माझे अर्ज पुन्हा पुन्हा परत केले, म्हणून शेवटचा धड लिहिला गेला.

४. धाकट्या दिरांना बुद्धिबळाचा पट. हे गेल्यावर ते दर रविवारी येत आणि मुद्दाम हरत. मला कळत होतं, भावजी.

५. हे कलम मृत्यूआधीचं आहे, म्हणून वकीलसाहेबांची हरकत आहे. असू दे. मी त्या विभागात दाखल झाले आणि माझे ठोके बिघडले, तर माझी नोंद संशोधनात घ्यावी. संमती आत्ताच देते. माझ्या मुलीपुढे कुणी कागद धरू नये. तिला बसायला खुर्ची द्यावी, आणि आत काय चाललंय ते कुणीतरी शेजारी बसून सांगावं.

हे सर्व वाचून, समजून सही केली.

ठिकाण: राहत्या घरी, पुढच्या खोलीत
दिनांक: सहीखाली माझ्याच हाताने

साक्षीदार: १. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
२. आमचे फॅमिली डॉक्टर (सही, अक्षर लागत नसल्यास विचारावे)