जरा बाजूला व्हा

अण्णा, आईला विचारून क्रम लावला आहे.

१. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा झाली. ज्याचं मशीन, त्यानेच नारळ फोडायचा, ही तिथली रीत.
२. त्या वर्षी तुमच्या लेथवर मालकांच्या जावयाने नारळ फोडला.
३. तुम्ही भरलेला डबा घेऊन राजुरीला परत आलात. पुन्हा कामावर गेला नाहीत.

मी तेव्हा सातवीत. आई भाकरी थापतेय. "नारळापायी कोन नोकरी सोडतं व्हय?" ती म्हणाली. तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. "नारळाचं न्हाई गं. माझ्याच मशीनपासनं मला म्हनले, जरा बाजूला व्हा." तव्यावरची भाकरी करपली, ती आईने स्वतःच्या ताटात घेतली. स्टँडवर मात्र कुणी ना कुणी विचारायचंच, "काय राव, घरीच लेथ बसवता का आता?" तुम्ही हसायचात आणि घरचं काम वाढलंय म्हणायचात. मग पेठेत वेल्डिंगच्या दुकानात कमी पगारावर लागलात आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलात.

मी आता चाकणला एका कंपनीत इंजिनिअर आहे. माझ्या लाइनवरच्या ग्राइंडिंग ऑपरेटरने राजीनामा दिलाय. शनिवार त्याचा शेवटचा दिवस. कामगारांना कंपनी आपली वाटावी म्हणून आम्ही वाढदिवसाला केक कापतो, त्याचाही कापला होता. पगारही वाढवला. तरी तो कमी पगाराच्या जागी चाललाय आणि साहेबांना कारण सापडत नाही. गेल्या महिन्यात परदेशी पाहुणे आले, तेव्हा त्याचं मशीन साहेबांनीच समजावून सांगितलं, आणि पाहुणे जाईपर्यंत त्याला कॅन्टीनमध्ये बसवून ठेवलं. मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, चहा पीत बसला, त्यात त्याचं काय बिघडलं? त्याला विचारलं तर म्हणतो, "घरचं हाय, मॅडम." तो आवाज मला ओळखीचा वाटला.

त्याला थांबवायचं काम माझ्यावर आलंय. हे पत्र कुठेच जाणार नाही, ते मला माहीत आहे. आणि त्याने थांबावं असं मला वाटतं की नाही, हेही अजून ठरत नाही. तरी विचारते. तुम्ही घरी बसलात त्या आठवड्यात कारखान्यातून कुणी आपल्या दारात आलं असतं, तर त्याने काय म्हणायला हवं होतं? शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा.