पिवळी रेघ

३ मार्च
दाजींचे दोन्ही हात भाजले! पंपहाऊसवर ड्युटीला होते; पॅनेल चालू केलं आणि केबलचा जोड समोरच उडाला. ताई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. रडतही नव्हती.

५ मार्च
पॅनेल उघडलं. तांब्याच्या पट्टीवर अ‍ॅल्युमिनियमची केबल आणि मध्ये साधा वॉशर! तिथे बायमेटल हवा — एका अंगाला तांबं, दुसऱ्याला अ‍ॅल्युमिनियम. नाहीतर दमट जागेत जोड आतून खाल्ला जातो, तापतो, ढिला पडतो.
त्याच जोडाच्या उरलेल्या दोन नटांवर पिवळी रेघ शाबूत. बोल्ट आवळला की प्रत्येक फिटरने आपल्या रंगाची रेघ मारायची, ही आमची पद्धत. पिवळा गुरुजींचा. आम्हाला पाना धरायला त्यांनीच शिकवलं, म्हणून गुरुजी. माझा लाल.
साहेबांनी गुरुजींना घरी बसवलं.

६ मार्च
लिहूनच टाकतो. तो जोड माझा.
सहा महिने झाले. स्टोअरमध्ये बायमेटल नव्हते. म्हटलं, आठवड्यात बदलू. लाल रंगाची डबी सुकली होती, गुरुजींची घेतली. नंतर साफ विसरलो.

९ मार्च
घरातला एकेक स्विच पालथ्या हाताने चाचपतो. सगळे गरम लागतात. भिंतीतून गुणगुण ऐकू येते. बायको म्हणाली, "अहो, स्विच गार आहेत. तुम्हीच तापलाय!"

१२ मार्च
गुरुजींकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो.
"माझ्याच हातून झालं असेल रे," तेच म्हणाले. "तो जोड केल्याचं आठवत नाही. पण रेघ माझी आहे ना? त्या माणसाचे हात गेले रे..." आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले.
चाळीस वर्षं काम केलेला माणूस! मी काहीच न सांगता चहा पिऊन आलो. शरम वाटते स्वतःची.

१४ मार्च
ताई गुरुजींच्या नावाने बोटं मोडत होती. "म्हाताऱ्याला दिसत नव्हतं तर घरी बसायचं!" मी मान डोलावली. डोलावली!

१५ मार्च
बस झालं. उद्या आधी दाजींना सांगणार, मग साहेबांना.

१६ मार्च
सांगितलं. दाजी पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघत म्हणाले,
"ठाऊक आहे. तू आवळत होतास तेव्हा बॅटरी मीच धरली होती. साहेबांकडे गुरुजींचं नावही मीच घेतलं. तुझ्या ताईला माहेर म्हणून तू एकटाच उरलायस."